क्रेडिट्स संपेपर्यंत बसून राहायचं

गेल्या महिन्यात रात्री सव्वा वाजता एक गेम संपवला. चाळीस-पंचेचाळीस तासांचा होता, कामावरून आल्यावर रोज तासभर असं करत करत जवळजवळ दोन महिने पुरला. शेवटचा बॉस, म्हणजे सगळ्यात मोठा शत्रू, चौदाव्या प्रयत्नात पडला, मग एक छोटासा सीन, मग काळा पडदा आणि मग क्रेडिट्स, म्हणजे गेम बनवणाऱ्यांची खालून वर सरकणारी नावं. मी कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि बघत बसलो. स्किपचं बटण कोपऱ्यात दिसत होतं पण मी क्रेडिट्स कधीच स्किप करत नाही. ही सवय लहानपणापासूनची नाहीये, सहा-सात वर्षांपूर्वी लागली आणि तिला एक कारण आहे, ते पुढे सांगतो.

आधी माझं मत सांगून टाकतो, मला संपणारे गेम आवडतात. ज्याला सुरुवात आहे, मधला भाग आहे आणि शेवट आहे, आणि शेवट झाला की जो म्हणतो, जा आता, झोप. असे गेम अजूनही भरपूर बनतात, पण मोठ्या कंपन्यांचा जीव मात्र दुसरीकडे अडकलाय. त्यांना असा गेम हवाय जो कधीच संपणार नाही. रोज उघडा, रोजची तीन कामं करा, सात दिवस सलग आलात तर पेटी मिळेल, बॅटल पासचा, म्हणजे खेळत राहून बक्षिसं मिळवायच्या पासचा, सीझन अमुक तारखेला संपतोय, राहिलेल्या लेव्हल आत्ता घ्या नाहीतर तो पोशाख परत मिळणार नाही. शाळेत हजेरी लागायची तशी हजेरी. मी दोन-तीन वर्षं असा एक गेम मनापासून खेळलोय, त्यामुळे हे बाहेरून नाक मुरडून बोलत नाहीये. त्यात मजा असते, खरंच असते. पण एका संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की मी तो गेम उघडतोय तो खेळावंसं वाटतंय म्हणून नाही, आज नाही उघडला तर काहीतरी बुडेल म्हणून. ही दोन फार वेगळी कारणं आहेत.

न संपणारा गेम ही काही आजची गोष्ट नाही म्हणा. आर्केडच्या काळात जवळजवळ सगळेच गेम तसे होते, कारण मशीनला नाणं हवं असायचं. १९७८ च्या स्पेस इन्व्हेडर्समध्ये शेवट असा नाहीच, एलियन मारले की पुढची रांग येते, आणि हरेपर्यंत येतच राहते. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे एलियन जसे कमी होतात तसे उरलेले जोरात पळायला लागतात, आणि हे मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. तोमोहिरो निशिकादो यांनी बनवलेल्या त्या मशीनच्या प्रोसेसरला एवढे सगळे एलियन हलवणं जड जायचं, ते कमी झाले की त्याचं ओझं कमी व्हायचं आणि खेळ आपोआप वेगवान व्हायचा. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. शेवटचा एक एलियन उरलाय आणि तो सुसाट पळतोय, छातीत धडधडतंय, आणि हे सगळं एका मर्यादेतून आलंय.

पॅकमॅनलाही शेवट नव्हता. १९८० चा गेम, तोरू इवातानी यांचा, आणि तो अनंत चालावा अशीच कल्पना होती, पण लेव्हलचा आकडा ठेवायला मेमरीत एकच बाइट दिलेला, त्यात २५५ च्या पुढे काही मावत नाही. त्यामुळे २५६ व्या लेव्हलला स्क्रीनचा अर्धा उजवा भाग अक्षरं आणि तुकड्यांच्या कचऱ्याने भरून जातो आणि पुढे जाताच येत नाही.

आणि टेट्रिस. इथे मला माझ्याच मताला मुरड घालावी लागते, कारण टेट्रिसला शेवट नाही आणि तरी माझ्या मते आजवर बनलेल्या गेम्समधला तो सगळ्यात निर्दोष आहे. अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत बनवला, ज्या संगणकावर बनवला त्याला धड ग्राफिक्स दाखवता येत नव्हते म्हणून पहिल्या टेट्रिसमधले तुकडे चक्क कंसांच्या चिन्हांनी काढलेले होते. त्याचा डाव दहा मिनिटांचा, हरलास की हरलास, ऊठ आणि कामाला लाग. तो तुम्हाला उद्या ये असं म्हणत नाही, आलात तर आहेच. म्हणजे गेमला शेवट नसला तरी बसण्याला शेवट आहे. आणि गंमत बघा, डिसेंबर २०२३ मध्ये तेरा वर्षांच्या एका मुलाने निन्टेन्डोच्या जुन्या कन्सोलवरचं टेट्रिस इतक्या पुढे नेलं, १५७ व्या लेव्हलपर्यंत, की गेमच गोठला. १९८९ चा तो गेम, चौतीस वर्षांनी एका पोरासमोर त्याने हात टेकले. तो व्हिडिओ मी चार-पाच वेळा पाहिलाय, गेम अडकतो आणि तो मुलगा खुर्चीत मागे पडून श्वास शोधत असतो.

पण शेवट असणं म्हणजे काय हे मला विचाराल तर मी सुपर मारियोची पहिली लेव्हल दाखवीन. १९८५. अख्खा गेम चाळीस किलोबाइटचा, आज फोनवर काढलेल्या एका फोटोत असे पन्नास-साठ गेम मावतील. जागा वाचवायला ढग आणि झुडपं एकाच आकाराची ठेवली, फक्त रंग बदलला. आणि तेवढ्याशा जागेत गेमचे निर्माते शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या साथीदारांनी एक सूचना न लिहिता खेळायला शिकवलं. मारियो डाव्या बाजूला उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे जायचं कुठे ते कळलंच. थोडं पुढे गेलं की तो रागीट चेहऱ्याचा गूम्बा चालत येतो, काहीच केलं नाही तर मरता, पण मेलात तरी सुरुवात तिथून चार पावलांवर आहे, काही गेलं नाही. मग चमकणारा प्रश्नचिन्हाचा ठोकळा. डोकं आपटलं की मशरूम बाहेर येतं, आणि ते गूम्बासारखं अंगावर येत असल्याने पहिल्यांदा सगळे घाबरतात, पळायला बघतात, पण ते पाइपवर आपटून परत फिरतं, वर ठोकळे असल्याने उडी मारून चुकवता येत नाही, अंगाला लागतंच आणि मारियो मोठा होतो. म्हणजे तुमच्या चुकीचं बक्षीस मिळतं. कुणीतरी बसून विचार केलाय की ज्याला काहीही माहीत नाही अशा माणसाला इथे काय वाटेल. मग लेव्हलच्या टोकाला झेंडा. तो खाली येतो, मारियो किल्ल्यात जातो, वाजंत्री वाजते, झालं. अशा बत्तीस लेव्हल आणि मग खरंच झालं.

मला या काळजीचं फार अप्रूप आहे. चांगल्या गेममध्ये ती दिसत नाही पण असते. उदाहरणार्थ, बऱ्याच उड्या मारायच्या गेममध्ये तुम्ही कड्याच्या टोकावरून घसरलात तरी पुढचा अगदी क्षणभर उडीचं बटण चालतं, कारण बनवणाऱ्याला माहितीये की तुमच्या मनात तुम्ही वेळेवर दाबलं होतं. तुमची बाजू घेणारा कुणीतरी त्या कोडमध्ये बसलेला असतो. आणि जेव्हा एखादा गेम उलट माझ्या चुकण्यावर, माझ्या कंटाळ्यावर टपून बसलेला असतो, मुद्दाम रेंगाळवतो आणि मग रेंगाळणं टाळायची विक्री करतो, तेव्हा मला राग येतो. तीच सगळी हुशारी, माणसाला काय वाटेल याचा तोच अंदाज, पण आता तो माझ्याविरुद्ध वापरलाय. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंटच्या दुसऱ्या गेममधल्या लूट बॉक्सवरून जगभर आरडाओरड झाली आणि पुढच्या वर्षी बेल्जियमने पैसे मोजून उघडायच्या, आत काय निघेल ते नशिबावर सोडणाऱ्या अशा पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणलं, ते मला आजही योग्य वाटतं. लहान मुलं खेळतात हो हे.

कंपन्या हे का करतात ते कळतं. मोठा गेम बनवायला आता पाच-सहा वर्षं आणि कोट्यवधी डॉलर लागतात, तो पडला तर स्टुडिओच बसतो. २०१७ मध्ये फोर्टनाइट आला, फुकट, आणि त्याने पोशाख आणि नाच विकून जो पैसा केला तो बघून सगळ्यांना वाटलं आपणही असंच एक झाड लावू. पण एक साधा हिशोब यात सुटतो असं मला वाटतं. संपणारा गेम संपला की माणूस मोकळा होतो आणि दुसरा गेम घेतो, म्हणजे एकाचं यश दुसऱ्याच्या आड येत नाही. न संपणाऱ्या गेमला मात्र तुमच्या सगळ्या संध्याकाळी हव्या असतात. आणि संध्याकाळ सगळ्यांना दिवसाला एकच मिळते. जो माणूस आधीच एका गेममध्ये हजेरी लावतोय, ज्याचे मित्र तिथे आहेत, ज्याने पाच वर्षांत तिथे कपाट भरून पोशाख जमवलेत, तो तुमच्याकडे कशाला येईल? सोनीचा कॉन्कॉर्ड हा ऑनलाइन गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. चौदा दिवस. पैसे परत दिले, ऑक्टोबरमध्ये बनवणारा स्टुडिओही बंद केला. कित्येक वर्षं माणसं त्यावर राबली होती, कुणी एका बंदुकीचा आवाज महिनाभर घासून पुसून नीट केला असेल, आणि आता तो गेम कुणाला दाखवायचा म्हटलं तरी दाखवता येत नाही.

आता माझं कारण. मी म्हटलं ना एक ऑनलाइन गेम मनापासून खेळायचो. जहाजांचा होता, फार गाजलेला नव्हता. आम्ही चौघं, एक माझा कॉलेजचा मित्र आणि दोघं असे ज्यांचं खरं नाव मला आजही माहीत नाही, फक्त आवाज ओळखतो. आठवड्यातून दोनदा भेटायचो. त्यातलं एक बंदर मला फार आवडायचं, तिथे रात्र झाली की एक सुरावट वाजायची, काहीतरी तंतुवाद्य आणि मागे पाण्याचा आवाज, मी कित्येकदा काही न करता नुसता तिथे जहाज लावून बसायचो, दिवस वाईट गेला असेल तर जास्तच. मग एक दिवस कंपनीचा मेल आला की अमुक तारखेला सर्व्हर बंद. शेवटच्या रात्री आम्ही चौघं बंदरावर जमलो, आणखीही तीस-चाळीस जहाजं होती, कुणी दारूगोळा आकाशात उडवत होतं, कुणी नुसतं उभं. बोललो फार नाही. मग चित्र थांबलं आणि कनेक्शन तुटल्याचा तोच नेहमीचा निरोप आला, इंटरनेट गेल्यावर यायचा तोच. वेगळा निरोपसुद्धा लिहिला नव्हता कुणी.

दुसऱ्या दिवशी माझ्या मनात आलं की ती बंदरावरची सुरावट कुणी केली त्याला किंवा तिला शोधून दोन ओळी लिहाव्यात. तुमच्यामुळे माझ्या कितीतरी रात्री बऱ्या गेल्या, एवढंच. आणि तेव्हा कळलं की मला नावच माहीत नाही. गेमला शेवट नव्हता म्हणून क्रेडिट्स कधी समोर आलेच नाहीत, ते सेटिंगच्या मेनूत कुठेतरी तळाला असायचे आणि तीन वर्षांत मी एकदाही उघडले नाहीत, आणि आता गेमच उघडत नव्हता. नेटवर खूप शोधलं. सापडलं नाही. तेव्हापासून मी कुठल्याही गेमचे क्रेडिट्स शेवटपर्यंत बघतो.

नाव लावू द्यायचं की नाही यावरून या धंद्यात सुरुवातीपासून भांडण आहे. अटारी या जुन्या अमेरिकन गेम कंपनीत प्रोग्रॅमरचं नाव गेमवर येत नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या माणसाने एकट्याने ॲडव्हेंचर नावाचा गेम बनवला, १९८० मध्ये आला तो, आणि त्याने गुपचूप त्यात एक खोली लपवली. एक ठिपका, जेमतेम एका पिक्सेलचा आणि मागच्या रंगात मिसळलेला, तो उचलून बरोबर जागी नेला तरच त्या खोलीत जाता येतं, आणि आत काय, तर हा गेम वॉरन रॉबिनेटने बनवला एवढंच. कंपनीला सांगितलं नाही. तो नोकरी सोडून गेल्यावर एका मुलाने पत्र लिहून कळवलं तेव्हा त्यांना समजलं. गेममध्ये लपवलेल्या अशा गमतीला आज ईस्टर एग म्हणतात, ते नाव या प्रकरणातून रुजलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९७९ मध्ये, अटारीचे चार प्रोग्रॅमर बाहेर पडून ॲक्टिव्हिजनमध्ये गेले, ती कंपनी त्यांच्यासोबतच उभी राहिली, आणि कारणांत पैसा होताच पण नावही होतं. तिथे गेमच्या पुस्तिकेत बनवणाऱ्याचं नाव आणि फोटो छापू लागले. जपानमध्ये तर त्या काळात कित्येक कंपन्या क्रेडिट्समध्ये खरी नावं न देता टोपणनावं टाकायला लावायच्या, दुसरी कंपनी माणसं पळवेल म्हणून. आणि आपले पाजितनोव, टेट्रिस जगभर विकलं गेलं आणि हक्क सोव्हिएत सरकारकडे, त्यांच्या हातात मानधन यायला १९९६ उजाडलं.

आजही हे पूर्ण मिटलेलं नाही. गेम बाहेर पडायच्या आधी ज्याला कामावरून काढलं किंवा जो सोडून गेला त्याचं नाव वगळल्याच्या तक्रारी दर वर्षी येतात. आणि काढणं तर इतकं झालंय. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत मिळून हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि गेम चांगला चालला तरी जातात हे मला समजूनच घेता येत नाही. टॅन्गो गेमवर्क्सचा हाय-फाय रश, जानेवारी २०२३ मध्ये अचानक आला, लोकांनी डोक्यावर घेतला, एप्रिल २०२४ मध्ये ॲनिमेशनचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला आणि मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. एका महिन्यात. नंतर ऑगस्टमध्ये क्राफ्टन या कोरियन कंपनीने तो विकत घेऊन वाचवला ते सोडा, पण मधल्या त्या महिन्यांत त्या घरांमध्ये काय झालं असेल.

म्हणून मला निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता नेहमी आठवतात. वी यू हा कन्सोल पडला, निन्टेन्डो तोट्यात, गुंतवणूकदार म्हणत होते माणसं कमी करा, आणि या माणसाने जानेवारी २०१४ मध्ये स्वतःचा पगार पाच महिन्यांसाठी निम्मा केला. त्यांचं म्हणणं होतं की नोकरी जाईल या भीतीत बसलेली माणसं लोकांना आनंद होईल असं काही बनवू शकणार नाहीत. ते स्वतः प्रोग्रॅमर होते, त्यांना माहीत होतं हे काम कसं होतं. २०१५ मध्ये ते गेले. २०१७ मध्ये स्विच हा पुढचा कन्सोल आला तो त्यांना बघायला मिळाला नाही.

सर्व्हर बंद करण्याबद्दलही आता लोक बोलायला लागलेत हे मला खूप बरं वाटतं. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ३१ मार्च २०२४ ला द क्रूचे सर्व्हर बंद केले, २०१४ चा गाड्यांचा गेम, त्यात एकट्याने खेळायचा मोठा भाग होता पण तोही ऑनलाइन असल्याशिवाय चालत नव्हता, म्हणजे ज्यांनी डिस्क घेतली होती त्यांच्याकडे नुसती चकती उरली. त्यावरून रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स नावाची मोहीम काढली आणि २०२५ मध्ये युरोपियन युनियनकडच्या त्यांच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मागणी काही अवाजवी नाहीये, कायम सर्व्हर चालवा असं कुणी म्हणत नाही, फक्त बंद करताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. आमच्या जहाजांच्या गेमला एवढं मिळालं असतं तरी मी ते बंदर रिकामं का होईना पण बघितलं असतं, आणि मेनूच्या तळाला जाऊन ते नावही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं होतं की अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा विकत मिळतच नव्हते. आणि ते जुने गेम तर बहुतेक सर्व्हरशिवायही चालणारे. सर्व्हरवर जगणाऱ्यांचं काय होणार मग.

सगळं अंधारलंय असं नाही, उलट खेळणाऱ्याच्या दृष्टीने हा फार चांगला काळ आहे. एरिक बॅरोनने साडेचार वर्षं एकट्याने बसून स्टारड्यू व्हॅली बनवला, चित्रं त्याची, संगीत त्याचं, कोड त्याचा, २०१६ मध्ये आला आणि अजून त्यात भर घालतो, फुकट. बलाट्रो हा पत्त्यांचा गेमसुद्धा मुख्यतः एकाच माणसाचा. सेलेस्ट हा २०१८ चा गेम फार अवघड आहे पण त्यात खेळाचा वेग कमी करायची सोय आहे, हात जलद चालत नाहीत त्यांच्यासाठी, आणि ती वापरली म्हणून गेम तुम्हाला कमी लेखत नाही.

या सुट्टीत भाची राहायला आली होती. आम्ही दोघांनी मिळून एक साधा दोन जणांचा गेम खेळलो, कोडी सोडवायची आणि पुढे जायचं, आठ दिवसांत संपला. क्रेडिट्स सुरू झाले तशी ती उठायला लागली, मी म्हटलं थांब जरा.

"मामा, हे कोण आहेत सगळे?"

"ज्यांनी हा बनवला ते."

"एवढे?" मग ती पुन्हा बसली आणि नावं मोठ्याने वाचायला लागली, अवघड असतील तर मला विचारत. संगीत, आवाज, भाषांतर, तपासणी. शेवटी शेवटी एक यादी आली, बऱ्याच गेममध्ये असते, गेम बनत असताना तिथल्या लोकांच्या घरी जी बाळं जन्मली त्यांची नावं. तिला ते इतकं आवडलं. तिने मोजली, अकरा. मग विचारते, ही बाळं आता केवढी असतील. आम्ही हिशोब केला, गेम येऊन पाच वर्षं झाली, बनायला समजा चार लागली, म्हणजे सगळ्यात मोठं नऊ वर्षांचं.

"माझ्याएवढं," ती म्हणाली. मग थोडा वेळ गप्प. "मग त्याने पण हे पुलाचं कोडं सोडवलं असेल? का त्याला त्याच्या बाबांनी आधीच सांगितलं असेल?"

मी म्हटलं माहीत नाही. ती म्हणाली, सांगायला नको, मजा जाईल त्याची.